सातवी मूठ

हेरगिरी म्हटलं की लोकांना पिस्तूल आठवतं. माझ्याकडे सोळा एमएमच्या नळीला भोक पाडायचा पंच होता, रबरी वॉशरची पुडी होती आणि ठिबक सिंचनाच्या एका कंपनीची निळी टोपी होती. टोपी खरी होती, नोकरी खोटी. पगार गुप्तवार्ता खात्याकडून यायचा. पण शेतकऱ्याला टोपीशी काम. तो फोन करायचा, "नळी चोक झाली, या." मी मोटारसायकलवर जायचो आणि खरंच नळी साफ करून द्यायचो. माझ्या हातून गुन्हे किती उघडकीस आले ते विचारू नका. ड्रिपर मात्र शेकड्यानं उघडले.

लोणखेड्यात मी जवळजवळ दोन वर्षं राहिलो. गोमाई नदीच्या पलीकडे शहादा आणि अलीकडे कॉलेजं, त्यामुळे गावात भाड्याच्या खोल्या पुष्कळ. भाडेकरूकडे कोणी वळूनही बघत नाही. माझी खोली एका शेतकऱ्याच्या घराच्या माडीवर होती. त्यांचं रान कळसाडीकडे, कापूस आणि ऊस. खोली मी शोधली असं त्यांना वाटत होतं. ती खात्यानं शोधली होती, आणि कारण होतं त्यांचा धाकटा मुलगा.

हा मुलगा विहिरींना सुरुंग लावणाऱ्या एका ठेकेदाराच्या गोदामात कारकून होता. शेजारच्या राज्यात एका बसस्टँडवर बेवारस पिशवी सापडली. ती फुटली नाही, नशीब. आतल्या डिटोनेटरचे नंबर जुळवत पोलीस या गोदामापर्यंत आले. रजिस्टरमध्ये माल दिल्याची सही या मुलाची होती, आणि पोलीस यायच्या आदल्या दिवशी मुलगा नाहीसा झाला होता. फोन बंद, मित्रांना पत्ता नाही. घरच्यांनी जबाबात सांगितलं, आम्हाला काही माहीत नाही. नाशिकला बसलेले आमचे साहेब म्हणाले, "पोरगा सगळ्या जगाला चुकवेल, आईला नाही चुकवणार. त्या घरात जाऊन राहा."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण हे त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. मलाही आई आहे.

माझी निवड झाली ती भाषेमुळे. मी धुळे जिल्ह्यातला. अहिराणी माझ्या आईची भाषा आणि म्हणून माझी. आणि नेमकी तीच मला येत नाही असं सोंग घ्यायचं होतं. खानदेशातल्या माणसाला खानदेशात लपता येत नाही. गाव कोणतं, भाऊबंद कोण, मामा कुठले, असे तीन प्रश्न विचारले की कोणीतरी कोणाचातरी साडू निघतोच. म्हणून मी लातूरकडचा झालो. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाकडे वाढलेला, पुढे-मागे कोणी नसलेला. असल्या माणसाला प्रश्न विचारायला लोक कचरतात. शिवाय भाषा कळत नाही म्हटल्यावर घरातले माझ्यासमोर खुशाल बोलणार होते.

तसंच झालं. मी जिन्यात बसून फिल्टर धूत असायचो आणि खाली अंगणात सगळं घर बोलत असायचं. भावकीतलं भांडण, उसाची तोड, सुनेच्या माहेरची कुरबुर. मी माझ्याच आईच्या भाषेत दुसऱ्यांची घरं चोरून ऐकत होतो. विनोद झाला तरी हसायचं नाही. हे सगळ्यात अवघड. खानदेशी माणसाचा विनोद अहिराणीत ऐकून तोंड कोरं ठेवून बघा एकदा.

घरमालकांना मी काका म्हणायचो. साठीच्या पुढचे, साखरेच्या गोळ्या चालू असलेले, आणि चेष्टेखोर. त्यांनी मला अहिराणी शिकवायचं मनावर घेतलं. संध्याकाळी ओट्यावर बसवायचे.

"म्हना, काय करी ऱ्हायना भो?"

मी म्हणायचो, "काय करून राहिला भो?"

"ऱ्हायना! ऱ्हायना! तुमना लातूरले जीभ ऱ्हास का नही?" आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा. मी मुद्दाम चुकत होतो. दिवसभरात माझ्याशी कोणी इतकं बोलत नसे, आणि त्या बोलण्यातही मला माझी जीभ वाकडी करून बसावं लागायचं. खोलीत आल्यावर दार लावून मी तेच वाक्य नीट म्हणायचो. एकदा नाही, दोन-तीनदा.

मावशी, म्हणजे त्यांच्या घरच्या, माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलायचा प्रयत्न करत आणि मध्येच घसरत. वर्ष उलटल्यावर तो प्रयत्नही त्यांनी सोडला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी झाली की ताटलीत एक वर यायची, सोबत ठेचा. मी ती खायचो आणि मग फोनवर अहवाल पाठवायचो. खाल्ल्या घरचे वासे मोजणं ही म्हण लहानपणी ऐकली होती. त्याचा पगार मिळतो हे मोठेपणी कळलं.

अहवाल बहुतेक एका शब्दाचा असे. निरंक. कोणी आलं नाही, फोन आला नाही, पत्र नाही, पैसे नाहीत. दीड वर्ष निरंक. मुलाचं नावही त्या घरात निघत नव्हतं. भिंतीवर त्याच्या दहावीच्या सत्काराचा फोटो होता, त्याखालून सगळे खाली मान घालून जायचे. मला कधी कधी वाटायचं की या गावात माझ्याइतका एकटा माणूस नाही. मग मावशी त्या फोटोखाली धान्य निवडत बसलेल्या दिसायच्या आणि मला लाज वाटायची.

माझ्या आईशी मी दुसऱ्या फोनवरून बोलायचो, तेही रानात, बांधावर उभं राहून. तिला सांगितलेलं होतं की मी बिनतारी विभागात आहे आणि रजा मिळत नाही. त्या वर्षी श्रावण लागल्यावर तिनं विचारलं, "कानबाईले येशी का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "तू ये का नको ये, तुन्ही मूठ मी टाकसूच."

ही मूठ काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, ही खानदेशची देवी, बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. रोटांचा गहू तराजूनं मोजत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, असा काढतात. बाहेरगावी असलेल्याचीही काढतात, पण तो जिवंत आहे हे माहीत पाहिजे. मेलेल्याची मूठ टाकणं अभद्र. आणि ते रोट फक्त भावकीनं खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि सगळे संपवायचे.

आदल्या वर्षी सुतकामुळे त्या घरात कानबाई बसली नव्हती. या वर्षी सणाआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी खाली भांडण झालं. काकांचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला.

"त्यान्ही मूठ टाकानी नही. जिवत शे का मरी गया, कोनले माहित? मरेल मानुसनी मूठ टाकतस का?"

मावशींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "नही टाकसू."

शनिवारी सकाळी त्या अंगणात पाट मांडून बसल्या. समोर गव्हाचं पोतं, बाजूला धुऊन पुसलेलं पितळी घमेलं. मी जिन्यात वॉशर बदलत होतो. त्या घरात मुठीचे पुरुष सहा. काका, थोरला मुलगा, त्याची दोन पोरं, शेजारी राहणारा काकांचा भाऊ आणि त्याचा मुलगा. मावशी ओठातल्या ओठात नाव घेत, मूठ टाकत, वर पाव मूठ टाकत. मी मोजत होतो. सहा झाल्या. त्यांनी हात मांडीवर ठेवला. मागे वळून घराकडे पाहिलं. मग सातवी मूठ भरली, घमेल्यात टाकली आणि घाईघाईनं पाव मूठ वर टाकून घमेलं पदरानं झाकलं.

काल नाही म्हणालेली बाई आज गुपचूप मूठ टाकते, याचा अर्थ एकच. तिला कळलंय की मुलगा जिवंत आहे. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे निरंक सोडून काही होतं. मी खोलीत जाऊन मोठा अहवाल लिहिला. कानबाई काय, मूठ कोणाची टाकतात, कोणाची टाकत नाहीत, बाहेरच्याला त्यात कशी जागा नसते, सगळं अर्धं पान समजावून. निष्कर्ष लिहिला की मुलगा जिवंत आहे, आई संपर्कात आहे, सणाला तो येण्याची शक्यता आहे. साहेबांचा फोन आला. म्हणाले, "असं निरीक्षण बाहेरच्या माणसाला जमलं नसतं." मी खूश झालो. खोटं कशाला बोलू, फार खूश झालो.

सोमवारी सकाळी गोमाईच्या काठावर चार गावांच्या कानबाया आल्या होत्या. बायका डोक्यावर पाट घेऊन, पुढे डफ, मागे पोरं नाचणारी. त्यात आमची सहा माणसं साध्या कपड्यांत उभी होती. बूट बघून मला लगेच ओळखू आली. नदीवर पूजेला बूट घालून कोण येतं?

मुलगा आला नाही. मावशी पाण्यात उतरल्या, आरती सुरू झाली, तरी आला नाही. मग आमच्या लोकांना वरून फोन आला आणि काकांच्या दोन्ही बाजूंना दोघं जाऊन उभे राहिले. काही आरडाओरड नाही. "जरा चला, विचारायचंय." काकांच्या कपाळावर नुकतंच लावलेलं कुंकू ओलं होतं. त्यांनी मागे वळून भावकीकडे पाहिलं, आणि भावकी नदीच्या पाण्याकडे पाहत होती. जीप गेली.

रोट खायला त्या दिवशी सगळी भावकी येणार होती. कोणी आलं नाही. पोलिसांनी सणाच्या दिवशी काठावरून उचललेल्या माणसाच्या घरी कोण पंगतीला बसतं? सख्खा भाऊ, शेजारचा, तोही "तब्येत बरी नही" म्हणून दार लोटून बसला. थोरला मुलगा ठाण्याच्या बाहेर जाऊन उभा होता. घरात मावशी, सून, दोन पोरं आणि टोपलीभर रोट. ते संपले नाहीत तर कानबाई कोपते असं मानतात.

दुपारी मावशी माडी चढून वर आल्या. दीड वर्षात पहिल्यांदा. हातात ताट होतं, रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. डोळे सुजलेले.

"खाई ले," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेरच्याला चालत नाही ना?"

लातूरच्या माणसाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण त्यांचं लक्ष त्याकडे नव्हतं.

"बाहेरला कोन शे?" त्या म्हणाल्या. "तुन्ही मूठ टाकेल शे मी. तुले माय नही. कोन टाकी तुन्ही मूठ? तुन्हा काकास्ले सांगनं नही, म्हनतीन रीत मोडी." आणि ताट खाली ठेवत, "मन्हा पोऱ्यानी नही टाकी. मन्हा हातच उठना नही. जिवत शे का नही, काय माहित."

त्या खाली गेल्या. मी ताटासमोर बसून राहिलो. मी त्या अंगणातली सगळी पुरुषमाणसं मोजली होती, फक्त जिन्यात बसलेला एक सोडून. आणि सातवी मूठ पाहून मला दूर गेलेला मुलगाच का दिसला, तेही मला कळलं. माझी आई दरवर्षी तेच करते म्हणून. मी दुसऱ्याच्या आईत माझी आई पाहिली, आणि त्यावरून एका म्हाताऱ्याला उचलायला लावलं. मी रडलो. रडत रडत रोट खाल्ला, कारण तो टाकून देता येत नाही.

मग साहेबांना फोन केला.

"सर, सातवी मूठ माझी होती."

"म्हणजे?"

मी सांगितलं.

"तुझी कशी असेल? तू त्यांच्या घरातला आहेस का?"

"नाही सर."

"मग? परवा तूच लिहिलंस ना, बाहेरच्याची टाकत नाहीत म्हणून? अर्धं पान लिहिलंयस." ते हसले. "बाईनं तुला गुंडाळलं. नवरा आत गेल्यावर मुलाला वाचवायला बघतेय. तू जेवून घे आणि शांत बस."

माझंच अर्धं पान माझ्या आड आलं. तरी मी लेखी दुरुस्ती पाठवली. सरकारी मराठीत लिहिलं की सदर सातवी मूठ प्रस्तुत अधिकाऱ्याच्या नावे टाकण्यात आली होती, सबब आधीचा निष्कर्ष मागे घेण्यात यावा. आयुष्यात कोणी मला आपला म्हटलं त्याचा तेवढाच कागद आहे, आणि तो गोपनीय आहे.

काका तिसऱ्या दिवशी परत आले. कोणी हात लावला नव्हता. बाकावर बसवून तेच तेच विचारलं होतं आणि गोळ्यांची वेळ चुकली होती, एवढंच. एवढंच म्हणायचं आमच्यात. त्यांचा ओट्यावर बसायचा नेम सुटला. मला शिकवणंही बंद झालं. एकदा जिन्यापाशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "तुमी बी सांभाळी ऱ्हा. आमना घरमा ऱ्हातस म्हनीसन तुमले बी तरास देतीन." मी मान हलवली. मला वाटलं, या माणसानं माझ्या कानफटात एक मारली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर गोदामाचा राखणदार दुसऱ्याच एका प्रकरणात सापडला आणि कबूल झाला. माल त्यानं विकला होता. रजिस्टरवर पोराची सही आधीच घेऊन ठेवली होती, आणि पोरगं घाबरून पळालं होतं. मला राखणदार पकडला गेल्याचा निरोप आला आणि त्याच निरोपात माझी बदली. सामान तसंच ठेवायचं, भाड्याचा हिशेब कंपनीच्या नावानं कोणीतरी करेल, फोनचं कार्ड मोडायचं. हीच पद्धत. मी मावशींना म्हणालो, दोन दिवस जळगावला जाऊन येतो. त्यांनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली. मुलावरचा आळ सुटल्याची बातमी त्यांना माझ्या तोंडून द्यायची मला फार इच्छा होती. ती द्यायचा मला अधिकार नव्हता.

तीनेक वर्षांनी मी विसरवाडीला होतो. महामार्गावर, ट्रकच्या टायरचा दलाल म्हणून. दाढी वाढवली होती, चष्मा लावला होता. चहाच्या टपरीवर ज्याच्यासमोर बसलो होतो त्या माणसाचा विश्वास कमवायला मला चार महिने लागले होते, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा स्वतःहून बोलायला आला होता.

सुरतेकडे जाणारी एसटी थांबली. माणसं पाय मोकळे करायला उतरली. एक तरुण पाण्याची बाटली भरायला गेला. त्याचा चेहरा मी झोपेतही ओळखला असता, त्या भिंतीवरच्या फोटोखालून मी जवळजवळ दोन वर्षं येत-जात होतो. आणि त्याच्या मागून मावशी उतरल्या.

त्या सरळ माझ्याकडे आल्या. अगदी जवळ येऊन वाकून पाहिलं.

"भाऊ? आमना लोनखेडावाला तू? कितला सोधा रे तुले. फोन नही, काही नही. जिवत शे का नही ते बी कळना नही, तरी दर साल तुन्ही मूठ टाकस मी. तुन्हा काका म्हनतस, टाकू नको. मी टाकस."

समोरचा माणूस चहाचा ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"मावशी, तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हणालो. "मी इकडचा नाही."

त्या आणखी क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग सरळ झाल्या आणि पदर सावरला. मुलगा बाटली घेऊन आला, त्यानं विचारलं, "कोन व्हता माय?"

"कोनी नही," त्या म्हणाल्या. "माले वाटनं आपला माडीवरला भाऊ शे. तो नही. तो ऱ्हाता तं बोलता."

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मुलानं त्यांचा हात धरून त्यांना वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या, गाडी वळेपर्यंत माझ्याकडेच बघत होत्या, आणि मी बोललो नाही.